लेट्यूस रुजत नाही, रुजलं तर कडू होतं: सॅलडच्या पानांबद्दल मदत हवी आहे

ओलीमाती

नमस्कार. पालेभाज्या मी बऱ्याच वर्षांपासून लावते आहे. पालक, माठ, कोथिंबीर यांनी कधी त्रास दिला नाही. सॅलडच्या पानांच्या बाबतीत मात्र यंदा अडकले आहे. कच्ची खाण्याची पानं घरचीच असावीत असं फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या खेपेला वाफा भुसभुशीत केला, बोटाच्या एका पेराएवढी चर काढली, लेट्यूसचं बी टाकलं आणि माती ओढून घेतली. पंधरा दिवस नेमाने पाणी दिलं. एकही कोंब दिसला नाही.

दुसऱ्या खेपेला कुंडीत अगदी वरवर पेरलं, पण ते दिवस कडक उन्हाचे होते. चिमूटभर बियांतून चार रोपं आली.

तिसऱ्या खेपेला उगवण छान झाली. रोपं वीतभर झाली आणि मधूनच सरळ दांडा वर निघाला. पान तोडलं तर पांढरा चीक आला आणि चव इतकी कडू की तोंडात धरवेना.

शेजारी रॉकेट (अरुगुला) पेरलं आहे. ते चौथ्या दिवशी वर आलं, पण सगळ्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आहेत.

बियांचं पाकीट गेल्या वर्षीचं आहे. बी जुनं झालं असेल का? की माझ्या मातीतच काही दोष आहे?

वाफा_नंबर_सात

बी जुनं नाही. लेट्यूसचं बी कोरड्या, गार जागी तीन वर्षं तरी सहज टिकतं. मातीतही दोष दिसत नाही, कारण तिसऱ्या खेपेला त्याच मातीत उगवण झाली. तुमच्या तिन्ही खेपा तीन वेगवेगळ्या कारणांनी गेल्या आहेत, म्हणून एकेक बघू.

पहिली गेली खोलीमुळे. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांच्या बियांना रुजायला उजेड लागतो. पालकाचं बी आपण दीड-दोन सेंटिमीटर खोल टाकतो. त्याच सवयीने लेट्यूस टाकलं की ते अंधारात पडून राहतं. बी ओल्या मातीवर टाकायचं, तळहाताने हलकेच दाबायचं आणि वरून चाळलेल्या मातीचा किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) इतका पातळ थर द्यायचा की अधूनमधून बी दिसत राहील.

यामागचा शोध मला फार आवडतो, म्हणून सांगतो. १९५२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' या लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला. बी रुजलं. तांबड्यानंतर लगेच दूर-तांबडा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा, तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश टाकला तर रुजलं नाही. मग दोन्ही आळीपाळीने टाकत गेले. प्रत्येक वेळी शेवटी कोणता प्रकाश पडला त्यावरच बियांचा निर्णय ठरत होता. वनस्पतींना प्रकाश ओळखू देणारं फायटोक्रोम नावाचं द्रव्य या कामातून पुढे सापडलं.

बागेत याचा उपयोग असा: हिरवी पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि दूर-तांबडा खाली जाऊ देतात. त्यामुळे दाट झाडाखाली पडलेल्या बियांना 'वर गर्दी आहे' हे कळतं आणि ती थांबून राहतात. वाफ्यावर मोठ्या पानांच्या वेलाची सावली असेल तर लेट्यूस तिथे पेरू नका.

दुसरी खेप गेली उष्णतेमुळे. लेट्यूसला १५ ते २० अंश सेल्सिअसची माती मानवते. २५ च्या पुढे अनेक वाणांची उगवण घसरते आणि ३० च्या पुढे बहुतेकांची जवळजवळ थांबते. बी मेलेलं नसतं, ते झोपतं. जास्त दिवस गरम, ओल्या मातीत पडून राहिलं तर माती गार झाल्यावरही ते लवकर जागं होत नाही.

पानोपानी

वाचते आहे. माझंही दर वेळी पहिल्या खेपेसारखंच झालं आणि मी बी विकणाऱ्याला दोष देत बसले होते.

गच्चीतली_पालवी

सातने छान सांगितलं आहे. मी भर घालते.

गरम दिवसांत पेरायचंच असेल तर दुपारी पेरू नका, सूर्य कलल्यावर पेरा. बी भिजल्यानंतरचे पहिले काही तास सगळ्यात नाजूक असतात. ते रात्रीच्या गारव्यात गेले तर उगवणीत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. पेरल्यावर ट्रे दोन-तीन दिवस घरातल्या सगळ्यात गार, उजेडाच्या जागी ठेवा.

दुसरा उपाय फ्रीजचा. ओल्या कागदी रुमालावर बी पसरा, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवा. मग बाहेर काढून गार, उजेडाच्या जागी आणा. पांढरं टोक दिसलं की लगेच चिमट्याने ट्रेमध्ये लावा. मूळ लांब झालं की हाताळताना मोडतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघत राहा.

आणि कृपा करून गड्ड्याच्या लेट्यूसने सुरुवात करू नका. आइसबर्ग हा सगळ्यात हट्टी प्रकार आहे. त्याला लांबलचक गार काळ लागतो, घट्ट गड्डा धरायला दोन-अडीच महिने जातात, आणि मध्येच आठवडाभर ऊन तापलं तर सगळं वाया. सुट्या पानांचा प्रकार घ्या. तो पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत पुरता तयार होतो, आणि कोवळी पानं तर महिन्याभरातच खुडता येतात. त्यानंतर बटरहेड करा, त्याचा गड्डा सैल आणि पान मऊ असतं. मग रोमेन, म्हणजे उभट, लांब पानांचं. ऊन थोडं जास्त असेल तर बटाव्हिया गटातली वाणं बरी तग धरतात.

ओलीमाती

मी आइसबर्गच पेरलं होतं. पाकिटावरचं चित्र आवडलं म्हणून. तिन्ही वेळा.

सात आणि पालवी, दोघांचे आभार. एक विचारू का? ट्रेमध्ये रोपं करून वाफ्यात लावायची, की थेट वाफ्यात पेरायचं?

गच्चीतली_पालवी

ट्रे. माझं याबद्दल ठाम मत आहे. ट्रे उचलून गार जागी नेता येतो, वाफा नेता येत नाही. गोगलगायी एका रात्रीत कोवळी रोपं साफ करतात, उंचावर ठेवलेल्या ट्रेपर्यंत त्या सहसा पोहोचत नाहीत. चार-पाच खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली की वाफ्यात लावायचं. सुट्या पानांच्या रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर, गड्ड्याच्या प्रकारात २५ ते ३०.

लावताना रोपाचा मध्य मातीच्या किंचित वरच राहू द्या. खोल गाडलं आणि मधल्या कोंबात माती गेली की तो कुजतो. टोमॅटो खोल लावतात ते बघून लोक लेट्यूसही तसंच लावतात, पण त्याला ते चालत नाही.

वाफा_नंबर_सात

गड्ड्यासाठी ट्रे, मान्य. पण कोवळी पानं कापून खायची असतील तर ट्रेचा खटाटोप कशाला? हातभर रुंदीचा पट्टा घ्या, लेट्यूसच्या दोन-तीन वाणांचं मिसळलेलं बी विरळ फोकून द्या आणि पानं बोटभर उंच झाली की कात्रीने कापा. जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वरून कापायचं, म्हणजे मधला कोंब शाबूत राहतो. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कापण्याइतकी वाढ होते. एका पट्ट्यातून दोन, कधी तीन कापण्या मिळतात. त्यानंतर पान जाड आणि चव उग्र होते, तेव्हा पट्टा मोडून पुढचा धरायचा.

रॉकेट, मिझुना आणि मोहरीचा कोवळा पाला यांना तर ट्रेची गरजच नाही. तिघंही मोहरीच्या कुळातली, भराभर येणारी. लेट्यूसच्या बियांत मिसळून पेरू नका, ती पुढे पळतात आणि लेट्यूस त्यांच्या सावलीत राहतं. शेजारी वेगळा पट्टा करा.

गच्चीतली_पालवी

फोकून पेरलं की लोक विरळणी करत नाहीत, माझा आक्षेप तेवढाच आहे. दाटीत हवा खेळत नाही आणि रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. लावणारा विरळ पेरणार असेल तर माझं काही म्हणणं नाही.

सावलीतला_माळी

रोपं कोलमडण्याबद्दल थोडं लिहितो, कारण माझे दोन ट्रे एका आठवड्यात गेले होते. ते बुरशीमुळे होतं, आणि ही बुरशी ओल्या, कोंदट जागी वाढते. औषध शोधत बसण्यापेक्षा पाणी कमी करणं हाच इलाज मला लागू पडला. ट्रेला खालून पाणी द्यायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं, वरची माती जरा सुकू द्यायची. आधी वापरलेला ट्रे गरम पाण्याने घासून धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. एकदा आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. ते काढून टाकलं की शेजारची वाचतात.

ओलीमाती ताई, तिसऱ्या खेपेत जो दांडा निघाला तो फुलांचा दांडा. कांद्याला डेंगळा येतो तसाच प्रकार. दिवस मोठे झाले, ऊन वाढलं की लेट्यूसला बी धरायची घाई होते. पाण्याची ओढ बसली किंवा रोपं दाटीत अडकली तर ही घाई आणखी वाढते. दांडा उंच व्हायला लागला की पानांतला चीक आणि कडवटपणा दोन्ही वाढतात. कडूपणा येतो त्या चिकातल्या लॅक्ट्युसिन आणि लॅक्ट्युकोपिक्रिन या द्रव्यांमुळे. लेट्यूसचं शास्त्रीय नाव 'लॅक्टुका' हे दुधासाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आलं आहे, या चिकामुळे. प्राचीन इजिप्तमध्ये याच पांढऱ्या चिकामुळे लेट्यूस हे मिन या सुफलतेच्या देवाचं झाड मानत. तिथल्या भिंतींवर मिनच्या बाजूला उंच वाढलेलं लेट्यूस कोरलेलं आहे.

दांडा खुडला तर चव परत येईल का, असं बरेच जण विचारतात. येत नाही. झाड उपटा, नाहीतर एखादं बियांसाठी ठेवा.

कुंडीभर_उजेड

माझ्याकडे जमीनही नाही आणि थेट ऊनही नाही. एका खिडकीत सकाळचा तासभर उजेड येतो. माझ्यासारख्यांनी काय करावं?

वाफा_नंबर_सात

दिवा लावा. लेट्यूस हे दिव्याखाली वाढणाऱ्या पिकांतलं सगळ्यात सोपं. ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेलं लाल रोमेन लेट्यूस खाल्लं, तेही एलईडी दिव्यांखालीच वाढलं होतं. साधा पांढरा एलईडी चालतो. पानांपासून वीत-दीड वीत उंचीवर ठेवा आणि रोज १२ ते १४ तास चालू ठेवा. रोपं लांबुडकी, फिकट, माना टाकलेली दिसली तर उजेड कमी पडतो आहे, दिवा खाली आणा.

कुंडी खोल नको. मुळं वरवरची असल्याने १५ ते २० सेंटिमीटर माती पुरते. कुंडीपेक्षा पसरट टोपली किंवा ट्रे चांगला. तळाला भोकं हवीतच.

पानोपानी

लाल लेट्यूस माझ्याकडे हिरवंच होतं. बी चुकीचं आलं असेल का?

वाफा_नंबर_सात

नसावं. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि ते पानात साठायला भरपूर उजेड लागतो. गारव्यात रंग आणखी चढतो. सावलीत किंवा उकाड्यात तेच वाण हिरवट राहतं.

शेणामातीचा

सगळेजण बी आणि ऊन यावर बोलत आहेत, खतावर कोणी बोललं नाही. मी दर पंधरा दिवसांनी ताज्या शेणाचं पाणी देतो. पानं अशी काही माजतात की बघत राहावं. सगळ्यांनी करून पाहा.

सावलीतला_माळी

दादा, तुमच्या वाफ्याबद्दल आदर आहे, पण हे कोणीही करू नये असं मला मनापासून वाटतं. शिजवायच्या भाजीची गोष्ट वेगळी. ही पानं आपण कच्ची खातो. ताज्या शेणात माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात आणि लेट्यूसच्या दुमडलेल्या पानांतून ते धुऊन पूर्ण निघत नाहीत. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत तर असं आहे की खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं शेण आणि काढणी यांच्यात किमान १२० दिवस गेले पाहिजेत. लेट्यूस तर पेरणीपासून काढणीपर्यंत तेवढे दिवस वाफ्यात राहतच नाही. म्हणजे उभ्या पिकात ताजं शेण बसतच नाही.

पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं खत पेरणीआधी मिसळा. तेवढं पुरतं.

शेणामातीचा

हे माहीत नव्हतं. घरात लहान मुलं आहेत, तीच सगळ्यात जास्त खातात. आजपासून बंद. आत्ता वाफ्यात उभं आहे त्याचं काय करू?

सावलीतला_माळी

कच्चं खाऊ नका. पानं नीट शिजवून खा, नाहीतर कंपोस्टमध्ये टाका. कंपोस्ट पूर्ण कुजेपर्यंत ते पालेभाज्यांना घालू नका.

गच्चीतली_पालवी

पानं माजण्याबद्दल आणखी एक. नत्र जास्त झालं की पानात नायट्रेट साठतं, आणि मावाही अशाच लुसलुशीत पानांवर आधी बसतो. युरोपीय संघाने लेट्यूस, पालक आणि रॉकेटमध्ये किती नायट्रेट असावं याची कमाल मर्यादाच घालून दिली आहे. उजेड कमी असताना ते जास्त साठतं, म्हणून दिव्याखाली वाढवणाऱ्यांनी खत हात राखून घाला.

याच कारणासाठी मी पानं संध्याकाळी काढते. दिवसभराच्या उजेडात नायट्रेट कमी होतं.

वाफा_नंबर_सात

आणि मी सकाळी काढतो, कारण रात्रभरात पान पाण्याने टच्च भरलेलं असतं. पानात ९५ टक्के पाणीच आहे. संध्याकाळचं पान मलूल असतं आणि फ्रीजमध्ये लवकर सुकतं. लगेच खाणार असाल तर संध्याकाळी काढा, ठेवणार असाल तर पहाटे. माझं काढून ठेवणं जास्त, म्हणून माझी पहाट.

काढल्यावर गार पाण्यात बुडवा, निथळा, कापडावर पसरून कोरडी करा आणि डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवा. सफरचंदं किंवा पिकलेली केळी जवळ नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे लेट्यूसच्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात.

ओलीमाती

माझ्या रॉकेटची भोकं राहिलीच!

सावलीतला_माळी

खरंच राहिली. ते उडे भुंगेरे. काळपट, चमकदार, मोहरीएवढे, हात नेला की टुणकन उडी मारतात. मोहरीच्या कुळातल्या सगळ्या पानांवर येतात. पेरल्या दिवशीच बारीक जाळी टाका आणि कडा मातीत दाबा. भोकं दिसल्यावर टाकली तर भुंगेरे जाळीच्या आतच राहतात. माती कोरडी राहिली की त्यांचं फावतं, म्हणून ओल टिकवा. पानं खायला काही हरकत नाही, दिसायला वाईट एवढंच. दुसऱ्या वर्षी तोच पट्टा मोहरीच्या कुळाला देऊ नका.

गोगलगायींसाठी रात्री बॅटरी घेऊन वेचणं यासारखा उपाय नाही. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने.

ओलीमाती (सात आठवड्यांनंतर)

कळवायला आले आहे.

सुट्या पानांचं हिरवं आणि लाल अशी दोन वाणं आणली. फ्रीजमध्ये दोन रात्री, मग ट्रे. ४० बियांतून ३४ रोपं आली. पंधरा शेजारी वाटली, उरलेली वाफ्यात लावली. वाफ्यावर दुपारपुरतं अर्धी सावली देणारं शेडनेट बांधलं आणि खाली वाळक्या पानांचं आच्छादन केलं. शेजारच्या पट्ट्यात रॉकेट, पहिल्या दिवसापासून जाळीखाली. दर पंधरा दिवसांनी नवा छोटा ट्रे पेरते आहे, त्यामुळे एकदम सगळं येऊन वाया जात नाही.

परवा पहिल्यांदा बाहेरची पानं खुडली. कडू नाहीत! लाल वाण खरोखर लाल झालं आहे. फक्त दोन रोपांच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या आहेत. रोग आहे का?

गच्चीतली_पालवी

किती छान! खूप आनंद झाला.

त्या कडा रोगाच्या नाहीत. कोवळ्या पानाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचलं नाही की असं होतं. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाणी कधी जास्त, कधी कमी मिळालं की आतल्या पानांना तुटवडा पडतो. मधे एखाद-दोन दिवस पाणी चुकलं होतं का?

ओलीमाती

हो, तीन दिवस बाहेरगावी होते. आल्यावर भरपूर घातलं.

गच्चीतली_पालवी

तेच ते. करपलेला भाग काढून बाकीचं खा. पुढे वाफा सुकू देऊ नका, पण एकदम तुडुंबही भरू नका.

पानोपानी

ऊन तापलं की मग काय लावायचं? लेट्यूस तर थांबेल.

सावलीतला_माळी

त्या महिन्यांत लेट्यूसच्या मागे लागू नका. घोळ, मायाळू, लाल माठाची कोवळी पानं, न्यूझीलंड पालक यांना उष्णता आवडते आणि कोवळेपणी कच्ची खाता येतात. घोळ आंबूस, मायाळू जरा बुळबुळीत. हे एकटं न घेता मिसळून घ्यावं.

ओलीमाती

शेवटचा प्रश्न. लाल वाणाचं एक रोप सगळ्यात उशिरापर्यंत दांडा न काढता टिकलं आहे. त्याचं बी धरता येईल का? आजूबाजूच्या हिरव्याशी संकर होईल का?

वाफा_नंबर_सात

जरूर धरा, आणि योग्य रोप निवडलंत. उशिरा दांडा काढणाऱ्याचंच बी ठेवायचं. सगळ्यात आधी फुललेल्याचं ठेवलं तर दर वर्षी घाई करणारी रोपं वाढत जातात. वाण संकरित नसेल, म्हणजे पाकिटावर एफ१ लिहिलेलं नसेल, एवढं बघून घ्या.

लेट्यूसचं फूल स्वतःच स्वतःचं परागण करतं, त्यामुळे शेजारच्या वाणाशी संकर क्वचितच होतो. तीन-चार मीटरचं अंतर घरच्यासाठी पुरेसं. रॉकेटचं मात्र तसं नाही, त्याला कीटक लागतात आणि एकट्या झाडाला बी नीट धरत नाही.

दांडा छातीपर्यंत वाढेल, काठीचा आधार द्या. पिवळी बारीक फुलं येतील, प्रत्येक फूल एकाच सकाळी उमलून मिटतं. दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी पांढऱ्या म्हाताऱ्या दिसतील. सगळ्या एकदम पिकत नाहीत, म्हणून दर दोन दिवसांनी कागदी पिशवीत दांडा वाकवून झटका. पावसाची चिन्हं दिसली तर वाट बघू नका, अर्धवट पिकलेला दांडा कापून घरात उलटा टांगा.

ओलीमाती

काठी आजच रोवते. बी निघालं की या धाग्यावर ज्यांना हवं असेल त्यांनी सांगा, वाटून देईन.

कुंडीभर_उजेड

मला हवं. दिवा लावला आहे, कालच पहिला कोंब दिसला.